लवकर झालेली उपकारस्तुती

डॉक्टरांनी ह्यांच्या पाठीच्या एमआरआयची फिल्म दिव्यावर लावली आणि म्हणाले, “स्पायनल टीबी दिसतोय. म्हणजे मणक्याचा क्षयरोग.” ह्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कारण आम्ही कॅन्सरच धरून चाललो होतो. मला मात्र खरं वाटेना. खोकला नाही, आणि टीबी कसा?

माझा स्वभावच संशयी. भाजीवाल्याने चांगली म्हणून दिलेली मेथीची जुडीही मी सोडून बघते. हे जन्मभर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते, तेव्हा पाठ दुखायचीच, असं आम्ही समजत होतो. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली. म्हणजे सुई घालून मणक्याचा बारीक तुकडा काढून तपासतात. लॅबवाला डॉक्टरांचा कुणी लागतो का, याची मी आधी चौकशी केली. कुणी लागत नव्हता. रिपोर्ट टीबीचाच आला.

गोळ्या सुरू झाल्या, रोज सकाळी अनशापोटी. डॉक्टरांनी बजावलं, “कोर्स लांबलचक आहे. बरं वाटलं तरी सोडायचा नाही. पायांतली ताकद आधीच कमी झालीय. मध्येच सोडलात तर पाय कायमचे जातील.” निघताना म्हणाले, “लघवी केशरी होईल, घाबरू नका.”

आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, थोडी. दर रविवारी चर्चमध्ये ह्यांचं नाव घेऊन प्रार्थना व्हायची. महिला मंडळाच्या बहिणी घरी यायच्या, सलाम करायच्या आणि दाराजवळच्या खुर्च्या धरायच्या. मी ह्यांचं ताट वेगळं ठेवते का, हे त्या बघत असाव्यात असं मला वाटायचं. पण प्रार्थना मनापासून करायच्या, हेही खरं.

हळूहळू दुखणं कमी झालं. पाठीला पट्टा बांधून हे चौकापर्यंत जायला लागले. मग एका रविवारी हे उपकारस्तुतीला उभे राहिले. आमच्यात ज्याची प्रार्थना ऐकली गेली, तो उपासनेत उभा राहून देवाचे आभार मानतो. हे म्हणाले, “प्रभूने मला बरं केलं.” सगळे हालेलुया म्हणाले, आणि आजाऱ्यांच्या प्रार्थनेतून ह्यांचं नाव गेलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. डॉक्टर तर अजून बरे झालात म्हणाले नव्हते.

त्याच आठवड्यात पलंगाजवळचं लघवीचं भांडं धुताना माझा हात थांबला. केशरी रंग नव्हता.

“गोळ्या घेताय ना?”

“घेतो की.”

दुसऱ्या दिवशी मी दाराआड उभी राहिले. ह्यांनी गोळ्या खिशात टाकल्या आणि नुसतं पाणी प्यायले.

“अहो, हे काय चाललंय?”

ह्यांनी खिसा लपवला नाही. “सुशीला, सगळ्या मंडळीसमोर आभार मानलेत. आता गोळी खाल्ली तर देवाला खोटं पाडल्यासारखं होईल.”

मी चिडले, रडले, डॉक्टरांचे शब्द पुन्हा पुन्हा ऐकवले. उपयोग शून्य. चर्चचे पाळकसाहेब येऊन समजावून गेले, तेव्हा हे नुसती मान डोलवत राहिले. मान डोलावणाऱ्या माणसावर माझा भरवसा नाही. शनिवारी ह्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली, आणि ती निसटल्याचं ह्यांना कळत नव्हतं. तेव्हा मात्र मी खरी घाबरले.

रविवारी उपकारस्तुतीची वेळ आली आणि मी उभी राहिले.

“ह्यांनी मानलेले आभार मी परत घेत नाही,” मी म्हणाले. “पण हे अजून बरे झालेले नाहीत. आपण प्रार्थना थांबवलीत आणि ह्यांनी गोळ्या. दोन्ही परत सुरू झालं पाहिजे.”

कोणी हालेलुया म्हटलं नाही. माझ्या मागे कुजबुज झाली. बाई अविश्वासी आहे, असंच बोलत असतील, मी म्हटलं बोलू देत. ह्यांनी मान खाली घातली होती. मग पाळकसाहेब म्हणाले, “सगळे उभे राहू या,” आणि त्यांनी ह्यांचं नाव पुन्हा आजाऱ्यांमध्ये घेतलं.

डॉक्टरांना मी परतताना रिक्षातूनच फोन लावला. ते रागावले, पण आजपासून परत सुरू करा, उद्या दाखवायला या, म्हणाले. घरी आल्यावर ह्यांनी स्वतःच पाणी मागितलं. गोळ्या तळहातावर घेतल्या आणि जेवणाआधी मिटतात तसे डोळे मिटले. “प्रभू, या अन्नाबद्दल...” सवयीने म्हणाले आणि अडले. “या गोळ्यांबद्दल तुझे आभार मानतो. यांच्याकडून तूच काम करून घे.”

तुमच्या घरी असं आजारपण आलं तर प्रार्थना करा, भरपूर करा. देव ऐकतो, हे मी माझ्या घरात पाहिलंय. पण गोळी गिळेपर्यंत समोरून हलू नका.

कोर्स पुरा झाला. आज हे काठीशिवाय बाजारात जातात. त्या सगळ्या महिन्यांत मी रोज ह्यांच्या प्रार्थनेला आमेन म्हटलं, डोळे उघडे ठेवून. देवाने त्याचा राग धरलेला दिसत नाही.