अनुया म्हणाली, औषध येईल

आमच्या अनुयाला तोंडावर ‘नाही’ म्हणता येत नाही. सुनेचा हा गुण मला फार आवडायचा. आता त्याचीच चीड येते.

कॅनडातल्या किचनर गावी आमच्या बेसमेंटमध्ये बसून ती आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या दवाखान्यांना औषधं पाठवायचं सॉफ्टवेअर सांभाळते. औषधं अमेरिकेच्या मदतीची, पगारही त्याच पैशातून. कुठे एचआयव्हीच्या गोळ्या संपत आल्यात, ते तिला स्क्रीनवर दिसतं. चिसोमो नावाची तिथली एक नर्स तर घरचीच झाली होती. नातवाला पहिला दात आला, तर फोटो आधी चिसोमोला, मग मला!

२०२५च्या जानेवारीत अमेरिकेनं मदत एकदम थांबवली. अनुयाला कंपनीचा ईमेल आला: काम बंद, दवाखान्यांशी बोलायचं नाही. मेल्यांनी आजाऱ्यांच्या तोंडचा घास काढून घेतला.

तरी चिसोमोचा फोन आलाच. मी पोळ्या लाटत होते, स्पीकर चालू होता.

“औषधांचा ट्रक येणार ना? नसेल तर आत्ताच सांग. पावसानं रस्ता बंद व्हायच्या आत बायकामुलांना जिल्ह्याच्या हॉस्पिटलात पोचवते, तिथे अजून गोळ्या आहेत.”

ट्रक येणार नाही, हे अनुयाला पक्कं माहीत होतं. पण बाईसाहेब म्हणाल्या, “येईल गं. उशीर होईल, पण येईल.”

“अगं, खरंच येणारे?” मी नंतर विचारलं.

“आई, असं अभद्र कसं बोलू? होईल काहीतरी.”

आपल्यात हे चालतं. पेशंट शेवटच्या घटका मोजत असला तरी आपण ‘बरं वाटेल हो’ म्हणतो, आणि ऐकणारा काय ते समजतो. चिसोमोनं मात्र तो शब्द खरा मानला आणि सगळ्यांना थांबवून ठेवलं.

मार्चमध्ये पुन्हा फोन आला. रस्ता वाहून गेला होता, गोळ्या संपल्या होत्या, एक तान्हं बाळ गेलं होतं.

चिसोमो ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “अमेरिकेचं ‘नाही’ आम्हाला नवीन नाही. ते ऐकलं की आम्ही आमचा मार्ग शोधतो. तू ‘हो’ म्हणालीस, म्हणून मी काहीच केलं नाही.”

अनुया ढसाढसा रडली. मी तिला जवळ घेतलं नाही, खोटं कशाला सांगू, संतापले होते. मग तिनंच डोळे पुसले आणि बाकीच्या दवाखान्यांचे नंबर काढले. “अगं, नोकरी जाईल!” म्हणत माझा मुलगा उन्मेष आडवा आला. नवऱ्याला बाजूला सारून तिनं फोन लावला.

“औषध येणार नाही,” ती म्हणाली. “वाट बघू नका.”