हैतीच्या पक्षाचा पहिला सदस्य

काल मार्केटमध्ये तळलेल्या केळ्यांचा वास आला आणि मी थेट मँचेस्टरच्या आमच्या स्टुडंट हाऊसच्या किचनमध्ये! हाऊसमेट मार्सेल हैतीचा, तिथे तो नेहमी केळी तळायचा. सरकारविरुद्ध बोलले म्हणून तिकडे त्याच्या बाबांची नोकरी गेलेली, त्यामुळे त्याला नवा पक्ष काढायचाच होता. त्याचे हैतीचेच सहा मित्र आले, जाहीरनामा टाइप करायला मी. तीन तास नुसतं भांडण, अध्यक्ष कोण! शेवटी सगळ्यांनाच पदं, जाहीरनाम्याची एक ओळ नाही.

मी वैतागले, "अरे, सातच्या सात नेते! साधा सदस्य कोण?"

 मार्सेलने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "तू हो ना!"

मी हसून लॅपटॉप मिटला. पुढच्या मीटिंगला दोघंच आले, नंतर कोणीच नाही. इतकी वर्षं मी त्यांच्यावरच चिडत होते. पण साधा सदस्य मला तरी कुठे व्हायचं होतं!