पुट्टीचं दार

जोगेश्वरीचा आमचा गॅरेजवाला दर वाक्याला "कळलं ना?" विचारतो, आणि समोरच्याने मान हलवेपर्यंत पुढे बोलत नाही. मी त्याच्यासमोरच त्याची नक्कल करतो. तो हसत नाही, चूक सुधारतो. "मान अजून तिरकी कर."

बाबांची जुनी पद्मिनी गाडी मी त्याच्याकडे रंगवायला टाकली होती. रविवारी बाबांच्या रिटायरमेंटचा कार्यक्रम होता, आणि गाडी हॉलसमोर उभी करायचीच असं मी ठरवलेलं. शनिवारी सकाळी गेलो तर रंग एकदम झकास. मी उरलेले पैसे पुढे केले. त्याने ते न घेता खिशातून लोहचुंबक काढलं आणि पुढच्या दाराला खालून लावलं. ते चिकटलंच नाही.

"माझ्या रंगवाल्याने पत्रा न बदलता गंजावर पुट्टी भरलीय. पावसाळ्यात फुगेल, कळलं ना?"

"दादा, उद्या न्यायचीय यार. कोण बघतंय खालून?"

"मी बघितलं ना."

त्याने छिन्नी घेतली आणि ताजा रंग खरवडायला लागला. माझी वाट लागली.

रविवारी तो स्वतःच गाडी घेऊन हॉलवर आला. दाराला नवा पत्रा होता, वर नुसता करडा प्रायमर, तोही अजून ओलसर. बाबांच्या गाडीसोबतच्या प्रत्येक फोटोत त्या दारापाशी तो हात आडवा धरून उभा आहे. कुणालाच टेकू देत नव्हता, बाबांनाही नाही.