मंडईच्या आदल्या दिवशीचा डिस्चार्ज

"सिस्टर, खिडकीजवळच्या पेशंटचा डिस्चार्ज तयार करा," राउंड घेताना सर म्हणाले.

"सर, दोन दिवस ठेवू या ना. उद्या त्यांच्या गावची मंडई आहे."

"मंडईचा आणि पॅन्क्रियाटायटिसचा काय संबंध? माइल्ड आहे. दुखणं थांबलंय, ताप नाही, पेज पचतेय. घरी आराम करतील."

सर इकडचे नाहीत. पुस्तकाप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंड, जठरामागची ग्रंथी. अन्न पचवणारा रस ती तयार करते. पित्ताचा खडा वाटेत अडकला की ती सुजते आणि तिचाच रस तिला जाळायला लागतो. तेलकट बंद, मटण बंद, आराम. हलका ॲटॅक बहुतेक वेळा एवढ्यानं उतरतो. खड्याचं ऑपरेशन नंतर करायचं ठरलं होतं.

पण ब्रह्मपुरीकडे मंडई म्हणजे दिवसा बाजार, रात्री नाटक आणि घरोघरी पाहुण्यांच्या पंगती. त्यात खिडकीजवळच्या या देवरावभाऊंच्या पोरीला बघायला वडसा गावचे लोक येणार होते.

मी त्यांना दमच दिला. "भाऊ, मटणाला हात लावायचा नाही. पाहुण्यांना सरळ सांगा, दवाखान्यात होतो म्हणून."

"असं कसं सांगू बाई? पोरीच्या बापाले दुखणं हाय म्हटल्यावर सोयरीक जुळल का? तुमी फिकर नका करू. मी निसता बसून राहीन."

निसता बसणार म्हणे! आमच्याकडे यजमान ताटावर बसल्याशिवाय पाहुणा घास उचलत नाही. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना जीपमधून आणलं. पोट फळीसारखं कडक, बीपी लागत नव्हतं. सर स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये बसून नागपूरला गेले. तिथल्या आयसीयूतून देवरावभाऊ परत आले नाहीत.

तेरवी झाल्यावर वडशाचे ते पाहुणे, मुलाचे वडील, वॉर्डात आले. उभ्या उभ्या रडायलाच लागले.

"बाई, ते नाई नाई म्हणत होते. मले वाटलं, लाजून राह्यले. मीच उठून मटण वाढलं त्यायले. तुमाले तं माहीत होतं ना? आमाले कोणी काऊन नाई सांगतलं? दुखण्यापायी मी पोरगी नाकारली असती का?"

जीव तुटला माझा. सोयरीक त्यांनी मोडली नाही.

लोकांना वाटतं, दवाखान्यात माणूस सलाईननं बरा होतो. अर्धा तर तो इथं आग्रह करणारं कोणी नसतं म्हणून बरा होतो.