नारणमामाने बांधलेलं डोंगरातलं छप्पर

फोन आला तेव्हा मी तिसरीच्या मुलांना वजाबाकी शिकवत होते. समुद्रकाठच्या घिवलीहून मामी बोलत होती. "बाय, तुझा मामा गेला गो..." मी खडू खाली ठेवला आणि मुलांना म्हटलं, माझे मामा वारले, आज शाळा लवकर सोडू. एरवी सुट्टी म्हटलं की ही मुलं शाळा डोक्यावर घेतात. त्या दिवशी पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच विचारलं, "बाई, ते जाळीवाले आजोबा?" समुद्राचं तोंडही न पाहिलेली डोंगरातली ही मुलं घिवलीच्या एका बोट हाकणाऱ्या तांडेलासाठी गप्प झाली, तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

माझी शाळा मनोरच्या पुढे, डोंगराला टेकलेल्या एका पाड्यावर. काही वर्षांपूर्वी मेच्या अखेरीस तिथे वादळ आलं आणि अर्ध्या तासात बहुतेक घरांची कौलं, पत्रे, वासेसुद्धा ओहोळात जाऊन पडले. मदत आली नाही असं नाही. कोरे पत्रे आले, ताडपत्र्या आल्या, फोटोही निघाले. पण घाईघाईने ठोकलेले ते पत्रे दुसऱ्याच वाऱ्यात पुन्हा उडाले. पाऊस तोंडावर आलेला. रविवारी घिवलीला गेले आणि मामासमोर मनातलं सगळं ओकले. तो अंगणात बोंबील वाळत घालत होता. मान वर न करता म्हणाला, "पत्रा खिळ्याचं ऐकत नाय. त्याला बांधायला लागते." तिसऱ्या दिवशी जुन्या जाळ्यांनी भरलेला टेम्पो पाड्यावर हजर, आणि ड्रायव्हरशेजारी मामा. गावातल्या प्रत्येक बोटवाल्याशी भांडून त्याने ती जाळी मिळवली होती. भांडण हा त्याचा जोडधंदाच होता.

पत्र्यांवरून अख्खं जाळं टाकायचं, त्याच्या कडांना दोर ओवायचे आणि ते दोर खाली आणून जमिनीत पुरलेल्या दगडांना बांधायचे, अशी त्याची रीत. जाळ्यांना मासळीचा असा वास, की पहिले दोन दिवस पाड्यावरची सगळी मांजरं छपरांवर मुक्कामाला होती. बायका हसून बेजार. मामा खालून त्यांना शिव्या देई... मांजरांना आणि बायकांनाही.

पहिलं घर त्याने घेतलं लाडकीआजीचं. आजी एकटीच राहायची. मुलगा काशिनाथ बोईसरच्या कारखान्यात. वादळानंतर तो आईला न्यायलाच आला होता. चाळीतल्या एका खोलीत सहा माणसं, त्यात ही सातवी. आजी जायला तयार नव्हती. नवऱ्यासोबत लिंपलेल्या भिंती टाकून तिला कुठेच जायचं नव्हतं. शेवटी काशिनाथ म्हणाला, "पाऊस येईस्तोवर छप्पर टिकलं तर रहा. नाय तर मी उचलून नेईन." मामाने छातीवर हात मारून सांगितलं, "टिकंल."

आणि तिथेच मामा चुकला. सारा जन्म दर्यावर गेलेला माणूस, त्याच्या लेखी वारा म्हणजे पश्चिमेचा. त्याने त्या बाजूला दुहेरी दोर घेतले, मोठे दगड पुरले आणि डोंगराच्या अंगाला नावापुरती बांधणी केली. आजी दोनदा म्हणाली, "बाबा, आमच्याकडं वारा डोंगरावरून उतरते." मामा म्हणाला, "म्हातारे, तू मला वारा शिकवतेस?" चार दिवसांनी दुपारी डोंगरावरून वारा उतरला आणि ती बाजू सुटून अर्धं छप्पर जाळ्यासकट उलटं झालं. आजी भिंतीला धरून उभी होती. अजून पाड्यावरच थांबलेल्या काशिनाथने तिची भांडी पोत्यात भरायला घेतली.

मामाला मी आयुष्यात कुणाची माफी मागताना पाहिलं नव्हतं. त्या दुपारी मात्र तो काशिनाथच्या हातातलं पोतं धरून म्हणाला, "दोन दिवस दे, पोरा. चूक माझी हाय, तिची नाय." मग आजीसमोर उकिडवा बसला. "बाय, सांग. कुठून येते, कुठं वळते, सगळं सांग." आजीने त्याला घराभोवती फिरवलं, खिंड दाखवली, कुठल्या झाडाचा शेंडा आधी हलतो ते दाखवलं. मामा शाळकरी पोरासारखा मागे मागे फिरत होता. मग सगळं सोडून त्याने पुन्हा बांधलं, आणि पुढच्या प्रत्येक घरी आधी तिथल्या म्हातारीला वारा विचारला. त्या पावसात एकही जाळं हललं नाही. आजी घरीच राहिली. त्यानंतर दरवर्षी मेमध्ये मामा दोर ताणायला यायचा, येताना तिच्यासाठी सुके बोंबील आणायचा आणि जाताना तिच्याकडून मोहाची फुलं न्यायचा. दोघं भांडायचीही भरपूर.

यंदा मे उजाडायच्या आधीच तो गेला. छातीतलं दुखणं वर्षभर अंगावर काढत होता, हे आम्हाला इस्पितळात कळलं. मामी अजून म्हणते, एका शब्दाने बोलला नाही मेला. मलाही त्याचा राग आहे, खरं सांगते.

तेरावं झाल्यावर आजीच्या घरी गेले. काशिनाथही आला होता, तोच जुना विषय घेऊन. आता दोर कोण ताणणार, चल बोईसरला. आजी उठली. मला हाताला धरून डोंगराच्या अंगाला घेऊन गेली. दोर ताणलेले होते. प्रत्येक दगडावर मामाची ती पीळ घातलेली गाठ, नवीकोरी.

"हे कुणी बांधलं, आजी?"

"मी. गेल्या साली शिकवली ना त्यानं. बोलला, पुढच्या साली मी नसेन, तू शिकून घे. घरी सांगू नको, रडतील बोलला." तिने गाठीवरून बोट फिरवलं. "दिवसभर शिकवली. नीट येईस्तोवर जेवला नाय."

आजीने माझा हात घेऊन दोरावर ठेवला.

"ओढ, बाई. बघ."

मी दोन्ही हातांनी, जीव खाऊन ओढलं. दोर जरासुद्धा हलला नाही.