तार माझ्या नावाची

आमच्या गल्लीत मला कुणी नावानं हाक मारत नाही. ‘नेटवाल्या वहिनी’ म्हणतात. चिखलीत राहायला आलो तेव्हा मी नुसतीच वहिनी होते. नवरा भोसरीच्या एका कंपनीत शिफ्ट करायचा आणि उरलेल्या वेळात केबलच्या तारा ओढायचा. पुढं कंपनी सुटली, केबल राहिली, केबलचं नेट झालं, आणि खांबावर चढून चढून त्याचे गुडघे गेले तेव्हा धंदा माझ्या अंगावर आला. केसाएवढी बारीक काचेची तार मशीनमध्ये धरून जोडायला मी त्याच्याकडूनच शिकले. पहिल्यांदा जोडली तेव्हा तो म्हणाला, ‘चांगलं जमलंय की.’ मी म्हटलं, ‘जमणारच. तुमचं एवढ्या वर्षांचं डोकं जुळवून घेतलं, तार काय चीज आहे.’

नेट गेलं की आमच्याकडचे लोक कुठल्या नंबरवर फोन करून ‘एक दाबा, दोन दाबा’ ऐकत बसत नाहीत. सरळ माझ्या जिन्यात येऊन उभे राहतात. तळमजल्यावरची वर्कशॉपं, वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी लातूर-नांदेडकडची बिऱ्हाडं, घरी बसून ऑफिस करणाऱ्या मुली, सगळे माझ्या तारेवर. मी म्हणते, ‘मला काय सांगता, माझा कुकर लागलाय.’ आणि गॅस बारीक करून निघते. हे मी कुणावर उपकार म्हणून सांगत नाही. मला ते आवडतं. या गावात माझी म्हणून जी काही जागा आहे ती त्या तारांमुळं आहे, आणि ती कुणी काढून घ्यायला आलं तर मी गप्प बसणारी नव्हे.

तर काढून घ्यायला आलेच. आधी नवा दूरसंचार कायदा झाल्याच्या बातम्या आल्या, मग एकेक नियम आमच्या गल्लीपर्यंत पोचायला लागला. नोंदणी नव्यानं करा. नवरा म्हणाला, ‘मला त्या कॉम्प्युटरपुढं बसवू नकोस, तुझ्याच नावावर घाल.’ घातली. मग महापालिकेनं सांगितलं, दिव्याच्या खांबांवरून गेलेल्या प्रत्येक तारेला मालकाच्या नावाची पट्टी पाहिजे. बिननावाची तार दिसली की कापणार. तेही केलं. प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणल्या, जाड मार्करनं माझं नाव आणि नोंदणीचा नंबर लिहिला, आणि आमच्या लाइनमनकडून खांबाखांबावर बांधून घेतल्या. गल्लीतून चालताना मान वर करून मी त्या बघायची. आपलं नाव एवढ्या उंचावर कधी बघितलं नव्हतं.

मग आली खंडेनवमी. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात त्या दिवशी मशीन चालत नाही, मशीनची पूजा होते. लेथला हार, कंप्रेसरला हार, फोर्कलिफ्टलासुद्धा हार. माझी हत्यारं खांबांवर. दरवर्षी शिडी लावून तारा जोडायच्या प्रत्येक डब्याला झेंडू आणि हळदकुंकू होतं, तसं याही वर्षी केलं. प्लॅस्टिकवर कोरडं कुंकू धरत नाही, म्हणून आम्ही ते तेलात कालवून लावतो. यंदा नव्या पट्ट्याही होत्या, त्यांना कसं विसरायचं? लाइनमनला मी खालून सांगितलं, ‘पट्टीला पण लाव रे भाऊ, नावालाच लाव.’ त्यानं भरपूर लावलं.

तेलानं शाई सोडली. दसरा झाला, आणि त्यानंतर महापालिकेच्या ठेकेदाराची गाडी, माणूस वर उचलणाऱ्या पाळण्यासकट, गल्लीत शिरली तेव्हा माझ्या पट्ट्यांवर नुसता काळा-लाल राडा होता. सुपरवायझर खालून विचारायचा, ‘नाव आहे का?’ वरचा माणूस म्हणायचा, ‘नाव नाही, कुंकू आहे.’ आणि कात्री चालायची. मी धावत गेले, नोंदणीचा कागद दाखवला. तो म्हणाला, ‘ताई, मला कागद बघायला सांगितलेलं नाही, पट्टी बघायला सांगितलंय. आता खांबावर परत चढवायची नाही. गच्च्यांवरून न्या, पण प्रत्येक घरमालकाची लेखी संमती लागेल.’ हातभर झेंडूची माळ तारेसकट माझ्या पायाशी पडली. नंतर लोक मला म्हणाले, वहिनी, एवढी हुशार बाई आणि असं कसं केलं. केलं. पुढच्या वर्षीही पूजा करणार आहे. मशीनचं कुंकू थांबवायला आम्ही काही परदेशातून आलेलो नाही.

सगळी गल्ली बंद. जिन्यात माणसं मावेनात. आणि त्या गर्दीतूनच वाट काढत मोठ्या कंपनीचा माणूस वर आला, गळ्यात ओळखपत्र, हातात चकचकीत फाइल. बसा म्हणायच्या आत बसला. ‘मॅडम, छोट्यांचे दिवस संपले आता. नियमच तसे झालेत. तुमची गिऱ्हाइकं आमच्याकडे वर्ग करा, तुम्हाला आमच्याकडे कामाला ठेवतो. युनिफॉर्म मिळेल.’ मी म्हटलं, ‘मला साड्या आहेत.’ तो हसला. मला हसायचं नव्हतं. चहा द्यायचा का नाही तेही सुचत नव्हतं.

तो गेल्यावर नवरा म्हणाला, ‘कशाला भांडतेस? देऊन टाकू.’

‘देऊन टाकू म्हणजे? जुनी सायकल आहे का?’ मी म्हटलं. ‘तुमचे गुडघे गेले ते काय त्या फाइलवाल्यासाठी?’ मग मला रडू आलं. रडताना बोलता येत नाही याचाच मला जास्त राग येतो. तो उठला आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवून बसला.

डोळे पुसले आणि निघाले. गच्च्या आम्हाला नव्या नव्हत्या. जिथं खांब नव्हता तिथं तारा आधीपासून गच्चीवरूनच जायच्या. पद्धत सोपी: मालकाला विचारायचं, तो ‘टाका’ म्हणायचा, झालं. त्याच्या घरात नेट फुकट, आणि दिवाळीला आमच्याकडचा फराळ. एवढ्या वर्षांत कुणी ‘लिहून दे’ म्हटलं नाही. आता मी संमतीचे कागद घेऊन दारोदार गेले आणि लोकांनी पटापट सह्या केल्या. एका काकूंनी तर सही करता करता विचारलं, ‘यंदा चकली जास्त करशील ना?’ 

राहिले दादा.

दादा म्हणजे चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातला माणूस. आता रान नाही, चार मजली इमारत आहे. खाली मुलाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, वर भाडेकरू, आणि दाराशी खुर्ची टाकून दादा. गल्लीच्या बरोबर मधोमध त्यांची गच्ची, सगळ्यात उंच. ती नाही तर दोन्हीकडच्या गच्च्यांचा मला काही उपयोग नव्हता. मला काळजीच नव्हती. दादांनी मला कधी नाही म्हटलं नव्हतं.

‘टाक की तार,’ दादा म्हणाले. ‘म्या कवा न्हाई म्हनलो?’

‘दादा, आता सही लागते.’

‘सही न्हाई करायचो.’

मला वाटलं चेष्टा करतात. मी मुलाकडं बघितलं, तो म्हणाला, ‘वहिनी, मी केली असती, पण घर दादांच्या नावावर आहे. आणि दादा कशावरच सही करत नाहीत.’ मी कागद वाचून दाखवला, समजावलं, मग माझा तोल सुटला. ‘तुमच्या नुसत्या शब्दाचं मी काय करू दादा? काठीला बांधून उभी राहू? तो कंपनीवाला माझ्या उरावर बसलाय, आणि तुम्ही आपले हट्टाला पेटलाय.’ वयाचा मान ठेवायला हवा होता. नाही ठेवला.

दादा रागावले नाहीत. रस्त्याकडं बघत म्हणाले, ‘कंपन्या येनार म्हून सायेब रान घ्यायचा कागद घिऊन आला व्हता. म्हनला, समद्यांनी सह्या केल्यात, तुमचीच ऱ्हायलीय. म्या केली. हरबरा हुबा व्हता रानात, घाटं भरल्यालं. काडूबी दिला न्हाई.’ मग माझ्याकडं वळले. ‘तू चांगली हायेस पोरी. पन सही न्हाई.’

ज्याच्यावर ओरडायचं तो साहेब केव्हाच कुठं गेलेला, आणि माझ्यापुढं हा म्हातारा. मी कागद पिशवीत घातला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेले, पण सही मागायला नाही. दादांच्या मुलाला म्हटलं, ‘स्टीलच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून दे. तुझ्याकडं अक्षरं ठोकायचे पंच आहेत ना, ते पण दे.’ मशीनच्या भागांवर नंबर ठोकतात ते लोखंडी पंच, एकेका अक्षराचा एकेक. खाली बसले, पट्टी ऐरणीवर ठेवली आणि हातोडा घेतला. पहिलं अक्षर वाकडं आलं, दुसऱ्याला अंगठा ठेचला. नवरा मागून लंगडत आला होता. समोर बसला आणि पक्कडीनं पट्टी धरली. देऊन टाकू म्हणणारा माणूस पट्टी मात्र घट्ट धरून होता.

दादा खुर्चीवरून बघत होते. ‘तार टाकाया जागा न्हाई, आन नाव कशापायी ठोकतीस?’

‘जागा मिळाली तर नाव तयार पाहिजे,’ मी म्हटलं. ‘आणि नाहीच मिळाली तर या पट्ट्या माझ्या दाराला ठोकते. कुणी विचारलं तर सांगेन, हिच्या तारा कापल्या, पण हिनं विकल्या नाहीत.’

‘नाव कुनाचं? तुज्या मालकाचं?’

‘माझं.’

त्यांनी पट्टी मागून घेतली. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, पण अंगठा फिरवून बघितला. ‘त्येलानं पुसंल का ह्ये?’

‘तेल ओता, थिनर ओता. नाही पुसायचं.’

तेवढ्यात फाइलवाला हजर. त्याला कुणीतरी सांगितलं असणार की गल्लीची मधली गच्ची अडलीय. माझ्याकडं ढुंकूनही न बघता तो दादांपुढं वाकला. गच्चीवर कंपनीचा डबा बसेल, दरमहा भाडं घरपोच येईल, मुलाला वर्कशॉपसाठी जोरदार नेट. दादा ऐकत होते. माझा हातोडा हातातच राहिला. भाड्याला मी काय पुरी पडणार होते? माझ्याकडं चकली होती.

‘फक्त इथं सही करा, आजोबा,’ तो म्हणाला. ‘गल्लीत बाकी सगळे तयार झालेत. तुमचीच राहिलीय.’

दादांनी मान वर केली. त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग हात पुढं केला, आणि त्यानं खूश होऊन आपलं पेन दिलं.

‘पोरी,’ दादा म्हणाले, ‘तुजा कागद कुठाय?’

मला ऐकू आलं, पण कळलं नाही. नवऱ्यानंच माझ्या पिशवीतून कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. दादांनी टोपी सारखी केली. एकेक अक्षर थांबत थांबत लिहिलं, मी पंच ठोकत होते तसंच, आणि पेन त्या माणसाला परत दिलं.

तो चिडून म्हणाला, ‘तुम्ही तर सही करतच नाही म्हणे.’

‘न्हाई करत,’ दादा म्हणाले. ‘त्या येळी माज्याकडनं घेतली व्हती. ही म्या दिली.’