चिंचेनं घासलेली तार

माझा पारा चढायला वेळ लागत नाही. त्या रविवारी दुपारी तर निमित्तही तसंच होतं.

बीडच्या कॉलेजात शिकवता शिकवता मी पीएचडी करतेय. कार्बन डायऑक्साइडपासून विजेच्या मदतीनं उपयोगी वायू करायचा, हा विषय. त्यासाठी उत्प्रेरक लागतो आणि बाहेरून मागवलेला परवडत नाही. म्हणून मी दिंद्रुडच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानातून जळालेल्या पंपाची तांब्याची तार आणली आणि आठ दिवस खपून कॉलेजच्या भट्टीत तिच्यावर काळा थर चढवला. सगळी करामत त्या थराचीच. सोमवारी माझे मार्गदर्शक सर विद्यापीठातून येऊन तार चालते का ते बघणार होते. नाही चालली, तर विषयच बदलायचा.

तारेचं वेटोळं प्रयोगाच्या दांडीवर बसवायला घरी आणलं आणि जेवायला बसले. हात धुऊन येते तर वेटोळं लखलखतंय! आईनं चिंच-मीठ लावून काथ्यानं घासलं होतं. तांब्याचं काही काळं दिसलं की तिला राहवतच नाही.

"सायेब येणार म्हनलीस ना? असं काळंकुट्ट दावतेस व्हय त्यान्ला?"

मी नको नको ते बोलले. कॉलेजला कुलूप होतं. शेवटी तार चिमट्यात धरून गॅसवर तापवली. जेमतेम काळी झाली, तीच घेऊन गेले.

सोमवारी सरांसमोर वीज सोडली. एरवी नुसता हायड्रोजन यायचा. आज केळी पिकवणारा इथिलीन भरभरून आला. सर एकदा वायू मोजणाऱ्या मशीनकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. घासण्यानं तार खरखरीत झाली असावी, असा आमचा अंदाज.

"असंच आणखी तीनदा आलं, तर विषय पक्का," ते म्हणाले.

मी स्वतः घासलेल्या तारेनं पुन्हा नुसता हायड्रोजनच दिला. मग भट्टीत काळी केलेली तीन नवी वेटोळी घेऊन आईपुढे गेले आणि आधी माफी मागितली.

"तुझ्या हाताला जोरच न्हाई," म्हणत तिनं हौसेनं घासायला घेतली. किती चिंच, किती वेळ, मी सगळं वहीत लिहीत होते.

ती तिन्ही वेटोळी पुढे चालली, विषयही पक्का झाला. पण त्या दिवशी तिनं घासून दिलेलं पहिलं वेटोळं मी गॅसवर धरलं, तेव्हा आई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"परत काळंच करायचं व्हतं," ती म्हणाली, "तर रविवारी माझ्यावर कशापायी वरडलीस?"